एकच बटण झिजलेला ओव्हन

कुणाच्या घरी कन्व्हेक्शन ओव्हन दिसला की त्याच्या बटणांकडे बघा. 'स्टार्ट'चं बटण पुसट झालेलं असतं आणि बाकीची सगळी शोरूममधून आत्ताच आल्यासारखी कोरी. दहा-पंधरा हजारांची वस्तू, पण काम एकच: सकाळची भाजी संध्याकाळी गरम करणे. मग त्याच्यावर क्रोशाचा रुमाल येतो, रुमालावर फुलदाणी येते, आणि दिवाळीच्या साफसफाईत 'हे कुठं ठेवायचं आता?' असा प्रश्न येतो.

बेंबळीसारख्या गावातही हे यंत्र आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणाच्या लग्नात आलेलं असतं, कुणाच्या पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाने पहिल्या दिवाळीला आईसाठी आणलेलं असतं. वापरणाऱ्या काकूंना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बटण दाबलं की गरम हुतंय, बाकीचं आमाला काय कळतंय!" हे ऐकून आपण हसतो. माझं म्हणणं असं, की हसू नये. बाकीचं कळावं अशी सोयच कुणी केलेली नाही. पॅनेलवरची अक्षरं इंग्रजी, बहुतेक पुस्तिका इंग्रजी, आणि रेसिपीच्या पानावर पिझ्झा, लसान्या आणि रोस्ट चिकन. ज्या घरात सोमवार, गुरुवार, एकादशी पाळली जाते तिथे त्या पुस्तिकेचा मुक्काम थेट माळ्यावर.

खरं तर या डब्यात तीन वेगवेगळी यंत्रं आहेत. मायक्रो मोडमध्ये लहरी पदार्थातल्या पाण्याला तापवतात. ही कल्पना रडारमधून आली. पर्सी स्पेन्सर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ च्या सुमाराला बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता. ग्रिल मोडमध्ये वरचा रॉड तापतो आणि फक्त वरून भाजतो. कन्व्हेक्शनमध्ये हीटर आणि पंखा मिळून गरम हवा चहूबाजूंनी फिरवतात. ही खरी भट्टी. चौथा जो 'कॉम्बी' असतो तो यांच्यातल्या दोघांची जोडी.

फरक समजून घ्यायचा तर केक-बिक राहू द्या, रात्रीची उरलेली ज्वारीची भाकरी घ्या. ती मायक्रोमध्ये मिनिटभर ठेवली तर गरम होते आणि थंड व्हायच्या आत चामड्यासारखी चिवट होते, कारण तिच्यातलं पाणी आतल्या आत वाफ होऊन हलतं, वरचा पापुद्रा मात्र भाजला जात नाही. पदार्थ तांबूस आणि खमंग व्हायला साधारण १४० अंशांच्या वर तापमान लागतं. पाणी असेपर्यंत मायक्रोमध्ये गाडी शंभराच्या आसपासच अडकते. तीच भाकरी, पातळ असेल तर, कन्व्हेक्शनवर १६० अंशाला जाळीवर ठेवा आणि मधूनमधून बघत राहा. ती हळूहळू कडक होते. सोलापूर-धाराशिवकडच्या माणसाला कडक भाकरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. एकच भाकरी, एकच डबा. बटण बदललं की चामड्याची कडक भाकरी होते. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी बघितली की पुस्तिकेची वीस पानं वाचायची गरज उरत नाही.

ताजी भाकरी मात्र ओव्हनमध्ये करायला जाऊ नका. ज्वारीत गव्हासारखं चिकट ग्लुटेन नसतं. ती टम्म फुगते ती तव्यावरून सरळ जाळावर गेल्यामुळे. तिथे तवाच मोठा. वांग्याचं भरीतही तसंच. मायक्रो आणि ग्रिलच्या कॉम्बीवर वांगं मऊ होतं, सालही सुटते (आधी टोचे मारा, नाहीतर आत फुटेल), पण धुराचा वास येत नाही. तो कोणतीच कंपनी डब्यात भरून देत नाही.

यावर काही जण म्हणतील, मग कशाला हवं हे खूळ, चुलीवरचंच भारी. हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लागली की आपण सगळेच गाडी थांबवतो. पण चुलीचं कौतुक करणारा बहुतेक वेळा ताटावर बसलेला असतो, फुंकणी दुसऱ्याच कुणाच्या हातात असते. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे रोजचं. त्यासाठी कढईपाशी उभं राहून सतत हलवत राहावं लागतं. मायक्रोमध्ये वाटीभर दाणे पसरून ठेवले आणि दर मिनिटाला एकदा हलवले, तर तीन-चार मिनिटांत भाजून होतात. पापडाला तर मिनिटही लागत नाही आणि तेलही नाही. ही बचत छोटी दिसते, पण ती रोजची आहे.

सगळ्यात मोठं काम दिवाळीचं. मराठवाड्यात पीठ, पिठीसाखर, तूप नाहीतर डालडा पिशवीत घालून बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई, बिस्किटं भरून आणायची, ही पद्धत जुनी आहे. त्या रांगेतल्या गप्पा मला आवडतात, खोटं कशाला बोलू. पण ज्या घरात स्वतःची भट्टी रुमालाखाली झाकलेली आहे, तिथल्या बाईने दोन तास रांगेत का उभं राहायचं? कन्व्हेक्शन १७० अंशाला आधी दहा मिनिटं तापवा, धातूच्या ट्रेमध्ये नानकटाई मांडा, पंधरा ते वीस मिनिटं द्या. रेसिपी पंखा नसलेल्या ओव्हनसाठी लिहिलेली असेल तर त्यातून वीसेक अंश कमी करा, कारण फिरती हवा लवकर भाजते. पाच किलोचा घाट असेल तर मात्र बेकरीच बरी, घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच छोटा ट्रे बसतो.

धातूचा ट्रे म्हटल्यावर दचकायला होतं ना? बायका या यंत्राला घाबरतात त्याचं मुख्य कारण हेच असावं असं मला वाटतं. मायक्रोमध्ये स्टीलचं भांडं ठेवायचं नाही, ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शनमध्ये मात्र ॲल्युमिनियमचा डबा खुशाल चालतो आणि मायक्रोत चालणारा प्लास्टिकचा डबा वितळतो. कॉम्बीत पुन्हा लहरी असतात, म्हणून सोबत मिळालेली जाळी सोडून धातू नको. मायक्रो रिकामा चालवायचा नाही, कन्व्हेक्शन मात्र आधी रिकामाच तापवायचा. म्हणजे एकाच डब्याचे नियम मोडबरोबर उलटे होतात. हे कुणी सांगितलं नाही, तर सुज्ञ माणूस एकच बटण दाबेल आणि बाकीच्यांना हात लावणार नाही. काकूंचं वागणं अडाणीपणाचं नाही, सावधपणाचं आहे.

विजेचाही प्रश्न आहेच. दोन हजार वॅटचा ओव्हन सलग अर्धा तास चालला तर एक युनिट होतं. ठरलेलं तापमान आलं की तो मधूनमधून बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात काहीसं कमी. बिल धसका घ्यावा इतकं येत नाही. खरी भीती प्लगची. त्याला सोळा अँपिअरचा जाड पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट लागतो. टीव्हीच्या एक्स्टेंशनवर लावून कन्व्हेक्शन सुरू केलं तर वायर तापते. आणि नानकटाई आत असताना लाइट गेली, तर दार उघडू नका. आतली ऊब थोडा वेळ काम करत राहते.

आता मुद्दा आपला, म्हणजे पुण्या-संभाजीनगरला शिकणाऱ्या पोरापोरींचा. आपण ऑनलाइन सेलमध्ये ओव्हन मागवतो, बॉक्सचा फोटो स्टेटसला टाकतो आणि सुट्टी संपली की एसटी पकडतो. वस्तू दिली, वापर दिला नाही. पुढच्या सुट्टीत एक दुपार काढा. चार स्टिकर घ्या आणि बटणांवर मराठीत लिहून चिकटवा: 'गरम – स्टील नको', 'वरून भाजणे', 'भट्टी – प्लास्टिक नको', 'दोन्ही – स्टील-प्लास्टिक नको'. मग आईच्या हाताने, आपल्या नव्हे, दोन भाकऱ्या दोन बटणांवर करून बघा. तिला तिसऱ्या भाकरीला काय करायचं ते विचारावं लागणार नाही.