पदवीमागचा पुरावा

धर्मशास्त्रातील डॉक्टरेट, चर्चच्या विधिशास्त्रातील पदवी आणि एका खासगी विद्यापीठात धर्मविषयाचे कायम प्राध्यापकपद, एवढा अधिकार ज्याच्या पाठीशी आहे, त्याचा शब्द कॅथलिक पंथाविषयीच्या चर्चेत खाली पाडण्याचे धाडस कोण करील? ‘विकिपीडिया’ या महाजालावरील मुक्त ज्ञानकोशात ‘एसजे’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका स्वयंसेवकाने स्वतःची ओळख अशी करून दिली होती. अमेरिकेतील ‘द न्यू यॉर्कर’ या प्रतिष्ठित साप्ताहिकाने ३१ जुलै २००६ च्या अंकात विकिपीडियावर दीर्घ लेख प्रसिद्ध केला. पुलित्झर पारितोषिकाच्या मानकरी स्टेसी शिफ यांनी लिहिलेल्या त्या लेखात या प्राध्यापक महाशयांचा गौरवाने उल्लेख होता. सुमारे सोळा हजार नोंदींना त्यांचा हात लागला आहे, असेही त्यात म्हटले होते. सात महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ च्या अखेरीस, त्याच साप्ताहिकाला खुलासा करावा लागला. हे प्राध्यापक चोवीस वर्षांचे एक तरुण होते. त्यांच्याजवळ कोणतीही उच्च पदवी नव्हती आणि त्यांनी कधी कोठे शिकवलेही नव्हते.

त्या तरुणाचे पुष्कळसे काम खोडसाळ मजकूर काढून टाकण्यासारखे, पदवीशी काहीही संबंध नसलेले होते. तेवढ्यावर तो थांबता तर कदाचित कोणी फारसे मनावर घेतले नसते. परंतु कॅथलिक विषयावरील एका वादात त्याने सामान्य वाचकांसाठीच्या एका परिचयपर पुस्तकाचा आधार दिला आणि त्या पुस्तकाच्या विश्वसनीयतेसाठी स्वतःची डॉक्टरेट पणाला लावली; आपण ते आपल्या विद्यार्थ्यांना नेमतो, असे सांगितले. विद्यार्थीच नव्हते आणि डॉक्टरेटही नव्हती. समोरचा मनुष्य मात्र, साहजिकच, गप्प बसला असेल. पदवीचे वजन असेच चालते. ती खरी असो वा खोटी, ती पुढे केली की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटू लागते.

विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी आरंभी हा प्रकार टोपणनावासारखाच मानून सौम्य शब्दांत घेतला. वादात या खोट्या अधिकाराचा वापर झाला आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी भूमिका बदलली आणि मार्च २००७ च्या आरंभी त्या तरुणाला सर्व जबाबदाऱ्या सोडाव्या लागल्या. यानंतर वेल्स यांनी सुचवले की, जे संपादक आपल्या पदव्या जाहीर करतात, त्यांच्या पदव्यांची पडताळणी करण्याची काही सोय असावी. सूचना वरवर पाहता अगदी योग्य होती. स्वयंसेवकांच्या समुदायाने ती स्वीकारली नाही.

हा नकार अनेकांना उद्दामपणाचा वाटला. विद्वत्तेचा अनादर करणारी ही झुंड आहे, असा आरोप तेव्हाही झाला. वस्तुतः त्या नकारामागे अनुभव होता. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, त्याच्या आधी याच मंडळींनी ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश काढला होता. त्याचे संपादक लॅरी सँगर हे तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. लेखक विषयाचा जाणकार असावा आणि लेख सात टप्प्यांच्या परीक्षणातून जावा, अशी तेथे शिस्त होती. परिणाम असा झाला की, पहिल्या वर्षात पूर्ण झालेल्या लेखांची संख्या दोन डझनांच्या आतच राहिली. पुढे सँगर विकिपीडियातून बाहेर पडले आणि खऱ्या नावाने लिहिणाऱ्या, तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या ‘सिटिझेंडियम’ या कोशाचा त्यांनी प्रारंभ केला. योगायोग असा की, त्याचे जाहीर उद्घाटन मार्च २००७ मध्येच झाले. तोही कोश फार वाढू शकला नाही. इंग्रजी विकिपीडियातील लेख आज सत्तर लाखांच्या घरात आहेत.

लिहिणारा कोण आहे, हे विचारायचे नाही. लिहिलेले कोठे छापले आहे, ते विचारायचे, हा या कोशाचा मूळ दंडक. नामवंत प्राध्यापकानेही नोंदीत वाक्य घातले तर त्याखाली तळटीप हवी. शाळकरी मुलाने घातले तरी तळटीप हवी. ‘एसजे’ प्रकरणात हा दंडक चुकीचा ठरला नाही, उलट तो पाळला न गेल्यामुळे ते प्रकरण घडले. पुस्तक अधिकृत आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारला असता, तर डॉक्टरेटची गरजच पडली नसती.

अर्थात या दंडकाचीही किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा भलत्याच माणसांना मोजावी लागते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉना स्ट्रिकलंड त्याच्या एक मानकरी होत्या. पंचावन्न वर्षांत हा सन्मान मिळवणारी ती पहिलीच स्त्री. त्यांचे सहमानकरी जेरार मुरू यांच्यावर विकिपीडियात नोंद होती. स्ट्रिकलंड यांच्यावर नव्हती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोणी त्यांच्या नोंदीचा मसुदा सादर केला होता, तेव्हा त्यांची उल्लेखनीयता सिद्ध करणारे पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत, या कारणाने तो परत पाठवण्यात आला. ज्या बाईंनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ‘ऑप्टिकल सोसायटी’चे अध्यक्षपद भूषवले होते, त्यांच्याविषयीचा हा निर्णय! नोंद नाकारणारा स्वयंसेवक दुष्ट नव्हता. त्याने समोरचा कागद पाहिला आणि कागदावर काही नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील पदार्थवैज्ञानिक जेस वेड २०१८ पासून, दिवसाचे काम आटोपल्यावर, उपेक्षित शास्त्रज्ञांच्या नोंदी लिहीत आल्या आहेत. ११७ व्या मूलद्रव्याच्या शोधकार्यात सहभागी असलेल्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ क्लॅरिस फेल्प्स यांच्यावर त्यांनी लिहिलेली नोंद २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. बराच गदारोळ झाला. परंतु २०२० मध्ये ती नोंद परत आली, ती गदारोळामुळे नव्हे. मधल्या काळात फेल्प्स यांच्याविषयी स्वतंत्र लेखन छापून आले होते आणि ते तळटिपांत उभे करता आले.

प्राध्यापकांसाठी या कोशात आठ निकष आहेत आणि त्यांपैकी एक पूर्ण झाला तरी पुरतो. नामांकित विद्वत्सभेचे सदस्यत्व, विशेष सन्मानाचे अध्यासन, विषयावर उमटलेला ठसा, मोठ्या विद्यापीठाचे सर्वोच्च प्रशासकीय पद वगैरे. कुलगुरूंची खुर्ची येथे मोजली जाते. चाळीस वर्षे मन लावून शिकवलेले वर्ग मोजले जात नाहीत. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या आवारात उभे राहून या निकषाचा विचार केला, तर तो किती तोकडा आहे ते कळते.

धर्माचार्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होतो. मोठ्या ख्रिस्ती पंथांच्या बिशपांच्या नोंदी सहसा काढल्या जात नाहीत, साध्या धर्मोपदेशकाला मात्र पदामुळे नोंद मिळत नाही, असा तेथे संकेत रूढ आहे. चर्चची रचना पायऱ्यांची. कोण कोठे केव्हा नेमला गेला, याचे दप्तर शतकानुशतके ठेवलेले. त्यामुळे हा संकेत तेथे सहज लागू पडतो. वारकरी संप्रदायात बिशप कोठून आणावा? तेथे फड आहेत, दिंड्या आहेत, कीर्तनकारांची परंपरा आहे. अधिकार नेमणुकीच्या पत्राने येत नाही, तो श्रोत्यांच्या मान्यतेने येतो. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था उभारली. तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकार बाहेर पडले. त्यांतील किती जणांचे चरित्र एखाद्या तटस्थ ग्रंथात छापलेले सापडते? जे सापडते ते पुण्यतिथीच्या स्मरणिकेत, शिष्यांनी भक्तिभावाने लिहिलेले, जन्मतिथीपेक्षा चमत्कार अधिक असलेले. कोशाच्या दृष्टीने तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही. याला पूर्वग्रह म्हणावे असे पुष्कळांना वाटते, आणि काही ठिकाणी पूर्वग्रह असेलही. परंतु निम्म्याहून अधिक दोष आपल्या दप्तराचा आहे.

पदव्यांची तर गंमतच निराळी. ऑक्सफर्डची एम.ए. ही परीक्षा देऊन मिळत नाही, तेथील बी.ए. झालेल्यास प्रवेशापासून एकवीस सत्रे उलटल्यावर ती मागता येते. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनाही पदव्या देण्याचा अधिकार आहे. पूर्वी पोपकडे असलेला तो अधिकार १५३३ च्या कायद्याने त्यांच्याकडे आला आणि आजही चालतो. हे ठाऊक नसलेला संपादक चरित्रात घोटाळा करणारच. आपल्याकडेही तेच. ‘तर्कतीर्थ’ ही लक्ष्मणशास्त्री जोशी यांना लोकांनी बहाल केलेली उपाधी आहे, असे आजच्या पदवीधरालाही वाटते. ती कलकत्त्याची परीक्षा होती आणि शास्त्रीबुवा १९२३ साली ती उत्तीर्ण झाले. उलट ‘महामहोपाध्याय’ ही परीक्षा नव्हे. ती ब्रिटिश सरकारने सुरू केलेली मानाची पदवी. पां. वा. काणे एम.ए., एलएल.एम. होते, धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले, ते पीएच.डी.साठी नव्हे. त्यांना डी.लिट. मिळाली ती सन्मानार्थ. मराठी वर्तमानपत्रांत वैद्य, संशोधक आणि सन्मानार्थ डॉक्टरेट मिळालेला पुढारी या तिघांच्याही नावामागे एकच ‘डॉ.’ लागतो. विकिपीडियाच्या लेखनसंकेतांनी नावामागची ‘डॉ.’, ‘प्रा.’ ही अक्षरेच काढून टाकली, हे प्रथमदर्शनी उद्धट वाटले तरी शहाणपणाचे आहे. कमावलेली पदवी नोंदीत सालासह, विद्यापीठासह सांगता येते.

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा. आज तेथील लेख लाखाच्या आसपास आहेत. त्यांत मराठी विद्वानांच्या नोंदी उघडून पाहाव्यात. ‘थोर विचारवंत’, ‘प्रकांड पंडित’, ‘व्यासंगी व्यक्तिमत्त्व’ ही विशेषणे हमखास भेटतात; जन्मसाल, प्रबंधाचा विषय, ग्रंथाची प्रथमावृत्ती यांची जागा पुष्कळदा रिकामी असते. ही रिकामी जागा भरणाऱ्या मूठभर स्वयंसेवकांचे काम अतिशय निरस आहे. एक विशेषण खोडायचे, एक साल शोधायचे, गौरवग्रंथातला पृष्ठक्रमांक टिपायचा. दोन दाखल्यांतील जन्मसालांत फरक निघाला तर दोन्ही नोंदवायची. या कामाला मानधन नाही, हार-तुरा नाही.

परंतु मराठीला हे काम नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि ज्ञानकोशाचे तेवीस खंड त्यांनी वर्गणीदार गोळा करीत, कर्ज अंगावर घेत सिद्ध केले. पुण्याच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असा तीन भागांचा चरित्रकोश दिला. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते. महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. यांपैकी कोणीही आपल्या पदवीवर विसंबून राहण्यास वाचकाला सांगितले नाही. आजचा मराठी स्वयंसेवक ज्या तळटिपा शोधतो, त्यांतील कितीतरी याच खंडांपाशी येऊन थांबतात, आणि बहुतेक वेळा तेथेच संपतात. १९५० नंतरच्या माणसांसाठी असे भक्कम आधार फार थोडे.

शंकर वामन तथा मामासाहेब दांडेकर (१८९६-१९६८) यांचे उदाहरण घ्यावे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य आणि जोगमहाराजांचे शिष्य असलेले वारकरी कीर्तनकार. प्राध्यापक आणि धर्माचार्य या दोन्ही खणांत बसणारा असा मनुष्य कोणत्याही कोशाला हवाहवासा वाटेल. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी घराघरांत आहे, ग्रंथांची सूची करता येते, प्राचार्यपदाची नोंद महाविद्यालयाच्या दप्तरात आहे. पण सकाळी वर्गात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवणारा हा मनुष्य सायंकाळी वीणा घेऊन कसा उभा राहत असे, या दोहोंची सांगड त्याने विद्यार्थ्यांपुढे कशी घातली, हे सांगू शकणारे त्यांचे विद्यार्थी आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याची आठवण या महिन्यात कोणी टिपून घेतली, इतर दाखल्यांशी ताडून पाहिली आणि संपादकाची नजर असलेल्या नियतकालिकात छापली, तर ती पुढील वर्षी एखाद्या नोंदीच्या तळाशी आधार म्हणून उभी राहू शकते. घरच्या वहीत राहिलेल्या आठवणीला विकिपीडिया तळटीप मानत नाही, आणि केतकर-चित्रावांनीही ती मानली नसती.