पळवलेला कुत्रा आणि परतीचे पैसे
श्रीमंताचा लाडका कुत्रा पळवायचा आणि पैसे घेऊन परत द्यायचा, ही भुरट्या चोरांची जुनी रीत आहे. 1840च्या दशकात लंडनमध्ये तिचा रीतसर धंदाच झाला होता. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा फ्लश हा स्पॅनियल तीनदा चोरीला गेला. सप्टेंबर 1846मध्ये, खंडणी देऊ नये असे त्यांचे होणारे पती रॉबर्ट ब्राउनिंग सांगत असतानाही, एलिझाबेथ यांनी त्याच्यासाठी सहा गिनी मोजल्या. चोरांची सारी भिस्त या मायेवरच असते, म्हणून हा गुन्हा किरकोळ समजणे चूक आहे. 1860च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली नेमके कुत्र्याचेच उदाहरण दिले होते: खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा लबाडीने मागे लावला, तर तो मागे चालू लागताच चोरी पूर्ण होते. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303मध्येही ते कायम आहे. म्हणजे कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एखाद्या बंगल्यातून बिस्किटाच्या लालचीने कुत्रा बाहेर काढणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच चोर ठरतो. मध्यस्थही सुटत नाही. चोर पकडला जावा यासाठी शक्य ते सारे न करता, चोरीचा माल मिळवून देण्याबद्दल पैसे घेतले, तर कलम 252प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी, गुन्हा पहिलाच आणि माल परत केलेला असेल, तर मात्र चोराला समाजसेवेची शिक्षा होते.