गाडीचे मिसिंग आणि तपासणीची मजुरी

जुनी डिझेल पिकअप बाळगणाऱ्या व्यापारी बंधूंना 'मिसिंग' म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. गाडी उभ्या जागी थरथरते, इंजिनाचा आवाज तुटक येतो, चढावर ओढ राहत नाही. चारपैकी एक सिलिंडर काम सोडतो व त्याचा भार उरलेल्या तिघांवर पडतो. दुखणे साधे आहे. पण त्यापायी किती पैसा वाया जातो याचा हिशेब आपण ठेवत नाही. आम्हीही ठेवला नव्हता.

२०१८ सालची गोष्ट. आमची पिकअप भिवंडीहून सुताच्या गोण्या घेऊन मालेगावला येत होती. कसारा घाटात तिने दम टाकला. ड्रायव्हर सांगत होता, "सकाळी थंड असताना ठीक चालते, तापली की मिसिंग मारते." गॅरेजमध्ये हे कोणी ऐकून घेतले नाही. धूर पाहिला आणि पंप उतरवला. पंप दुरुस्त होऊन आला, मग चारही नोझल बदलली. चार दिवस गेले. बिल अठरा हजारांवर गेले, आम्ही मुकाट्याने दिले. आमच्या सुताची वाट पाहत ज्यांचे माग बंद राहिले, त्यांच्या कारागिरांच्या हाती त्या आठवड्याची मजुरी कमी पडली. हे नुकसान कोणत्याच बिलात लिहिलेले नव्हते.

एवढे करून गाडीचे मिसिंग तसेच!

शेवटी गावातल्या एका वयस्कर उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी पाना हाती घेण्याआधी विचारले, "थंड असताना मारते की गरम झाल्यावर? एकसारखी की मधूनमधून?" मग इंजिन चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून किंचित ढिले केले. पहिला ढिला करताच इंजिन आणखी खाली बसले, म्हणजे तो सिलिंडर काम करीत होता. तिसऱ्याला काहीच फरक पडला नाही. चोर सापडला. त्यांनी तिसऱ्याचे नोझल दुसऱ्याला व दुसऱ्याचे तिसऱ्याला लावले. मिसिंग तिसऱ्यातच राहिले, तेव्हा नोझल निर्दोष ठरले. मग टॅपेटचे झाकण उघडून फिलर गेज घातला. तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हला फटच उरलेली नव्हती. तापल्यावर तो पूर्ण बसत नव्हता आणि दाब निसटत होता. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटते. दाब नाही तर पेट नाही. फट नीट केली, काम संपले. आणखी काही दिवस तशीच चालवली असती तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावे लागले असते.

कापड तपासताना आपण हेच करतो. ताग्यात एकाच रेषेत लांबवर दोष दिसला तर फणी किंवा ताण्याचा धागा पाहतो. दोष इकडेतिकडे विखुरलेला असेल तर सुताला हात घालतो. इंजिनाचेही तसेच आहे. मिसिंग एकाच सिलिंडरला चिकटलेले असेल तर त्याचे नोझल, पाइप, व्हॉल्व्ह व दाब पाहावा. ते फिरते असेल तर आधी डिझेल फिल्टर, डिझेलमधले पाणी आणि एअर घेणारे जोड पाहावेत. हे काम स्वस्तात होते, म्हणून तेथूनच सुरुवात करावी.

आता लाजेची गोष्ट. उस्तादांनी चारशे रुपये मागितले. आम्ही म्हणालो, "एवढ्याशा कामाचे चारशे?" ते हसले व म्हणाले, "शेठ, पाना फिरवायचे शंभर. कोणता फिरवायचा त्याचे तीनशे." अठरा हजार चुकीच्या कामाला देताना आमची जीभ हलली नव्हती, ती बरोबर कामाच्या चारशेला हलली.

आमचे स्पष्ट मत असे की दोष दोन्हीकडे आहे. आपण सामानाचे पैसे देतो, हुनराचे देत नाही. मग कारागीर सामान बदलण्यातच कमाई शोधतो आणि त्याचा शागीर्दही तेच शिकतो. म्हणून गॅरेजवाल्या बंधूंनी तपासणीची मजुरी वेगळी ठरवून फलकावर लिहावी आणि व्यापाऱ्यांनी ती घासाघीस न करता द्यावी. 'कोणता सिलिंडर?' याचे उत्तर मिळाल्याशिवाय सामान बदलायला होकार देऊ नये. बदललेले जुने सामान परत मागावे.

एक खबरदारी सांगतो. पाइप ढिला करण्याची रीत फक्त जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांसाठी आहे आणि तीही जाणत्या हातांनीच करावी. डिझेलचा फवारा कातडीत शिरतो. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत दाब कितीतरी पट जास्त असतो. तेथे पाइपाला हात लावू नये, स्कॅनर लावावा. पण स्कॅनर लावणाऱ्याचीही तपासणीची मजुरी होतेच, आणि तीही खुशीने द्यावी.