माथेरानचा मुक्काम आणि घोड्याची पाठ

किन्हवली-शहापूरकडच्यांना हवापालटासाठी माथेरान तसं हाताशी आहे. आसनगावला लोकल पकडायची, कल्याणला बदलून नेरळ गाठायचं. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० मध्ये या डोंगरावर आले, आणि पुढे मुंबईची मंडळी प्रकृतीसाठी तिथे जाऊ लागली. मोटारी आजही दस्तुरीलाच थांबतात. पुढे पायी, छोट्या गाडीने, ई-रिक्षाने, नाहीतर घोड्यावरून.

हॉटेल घेताना चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण दरात धरलेलं आहे ना, हे आधी विचारा. चार पैसे जास्त पडले तरी चालेल. स्टोव्ह, रवा, पोहे बांधून नेले, तर हवापालट घरच्यांचा होतो, आपण मात्र तिथेही फोडणीच देत बसतो!

घोड्यावर बसायचं तर साडी नको. सलवार किंवा पँट आणि पाय झाकणारे बूट बरे. दर आणि फेरी आधी ठरवा. घोड्याच्या मागून जाऊ नका. डाव्या बाजूने चढा. चढणीला किंचित पुढे, उतारावर मागे झुका. कंबरदुखी असेल किंवा दिवस गेले असतील तर पायीच हिंडा. संध्याकाळी मांड्या भरून येतात, तेव्हा गरम पाण्याने शेका.

घोडेस्वारीत पाठ, पोट, मांड्या साऱ्यांनाच काम पडतं. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने अधू झाले होते. तरीही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं.

बसण्याआधी घोड्याकडेही नीट पाहा. लंगडतोय का? खोगिराखाली जखम आहे का? तसं असेल तर दुसरा मागा. स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो. तेव्हा पुढ्यात मूल घेऊन बसू नका. त्यात मुलालाही धोका असतो.

हॉटेलात आपल्याला आयतं मिळतं, त्यातलं पुष्कळसं सामानही घोड्याच्या पाठीवरूनच आलेलं असतं. जनावराला फेरीनंतर पाणी आणि विसावा द्यावा लागतो, हे चांगल्या घोडेवाल्याला सांगावं लागत नाही. घरच्या बाईच्या बाबतीत मात्र ते कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आपणही बोलत नाही.

म्हणून यंदा घरखर्चातून किंवा शिकवणीच्या पैशांतून दरमहा थोडी रक्कम वेगळ्या डब्यात टाका. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते, तेव्हा दिवाळीनंतरचे दोन दिवस धरा. यजमानांनी "एवढा खर्च कशाला?" म्हटलं, तर डबा पुढे ठेवा आणि तारीख तेवढी विचारा.