‘होईल सवय’ हा उपाय नाही

घरात मांजर आहे आणि तुम्ही कॅरवान किंवा मुधोळ कुत्रा आणलाय? मग ‘राहू द्या एकत्र, होईल सवय’ हा सल्ला कृपया ऐकू नका.

दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठीच माणसाने हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेत. मांजर पळालं की कुत्रा मागे सुटणारच. हा राग नसतो, त्यामुळे मारून किंवा ओरडून तो जात नाही. उलट ‘मांजर दिसलं की मार बसतो’ एवढंच कुत्रा शिकतो.

लक्ष ठेवा ते धावण्याआधीच्या नजरेवर. अंग ताठ, तोंड बंद, डोळे खिळलेले, हाक मारली तरी कान हलत नाही. इथेच त्याला मागे घ्या, अंतर वाढवा. तुमच्याकडे वळून बघितलं की लगेच खाऊ द्या. हा सराव रोज थोडा थोडा करा. कुत्रा पट्ट्याला, मध्ये जाळीचं दार. मांजराला कपाटावर चढायला वाट आणि कुत्रा पोचणार नाही अशी एक खोली हवीच.

माझं मत स्पष्ट आहे: कुत्रा सहा महिने शांत राहिला, तरी घरात कोणी नसताना दोघांमध्ये बंद दार हवं. घरात शांत असणारा कुत्रा अंगणात त्याच मांजरामागे धावू शकतो. काही कुत्र्यांसाठी हे दार आयुष्यभराचं असतं, आणि त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. कुत्र्याची एकच झडप मांजराच्या जिवावर बेतते. म्हणून बाहेर पडताना आधी ते दार लावा, मग चपला घाला.