चुकत बोला, पण बोला

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कोणते कॉलेज घ्यावे, जातीचा दाखला कुठे मिळतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा, हे प्रश्न असतातच. पण उठता उठता बहुतेक माउल्या आवाज खाली आणून एक गोष्ट विचारतात, "दादा, पोरगं हुशार आहे हो. पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की मान खाली घालतं. काय करावं?"

ही मान खाली घालण्याची गोष्ट लहान नाही. आमच्या ओळखीची एक मुलगी एम.ए.ला पहिल्या वर्गात आली. नोकरीच्या मुलाखतीत तिला जे विचारले ते सारे तिला येत होते. विषय येत होता, वाक्य येत नव्हते. ती गप्प बसली आणि जागा दुसऱ्याला मिळाली. तिच्या आईने धुणीभांडी करून तिला शिकवले होते. घरी आल्यावर ती आईला एवढेच म्हणाली, "माझं डोकंच कमी आहे."

डोके कमी नव्हते. हे त्या मुलीला आणि तिच्यासारख्या सर्वांना पटावे म्हणून आज आम्ही वाचकांना जरा दूर, अमेरिकेतील विद्यापीठांत घेऊन जाणार आहोत.

तेथील पुष्कळ विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याचा एक स्वतंत्र विभाग असतो. त्याला 'इंटेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्राम' किंवा 'इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट' म्हणतात. जपान, कोरिया, चीन, सौदी अरेबिया, तुर्कस्तान, ब्राझील, कोलंबिया अशा देशांतून विद्यार्थी येतात. काही अठरा वर्षांचे, काही चाळिशीचे. त्यांत डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात, बँकेत नोकरी केलेले असतात. आपापल्या देशात, आपापल्या भाषेत ते पदवीपर्यंत शिकलेले असतात. तरीही येथे आल्यावर पहिल्या बाकावर बसून "माझे नाव अमुक, मी अमुक गावचा" येथपासून सुरुवात करायला त्यांतल्या कित्येकांना कमीपणा वाटत नाही. कोणी त्यांना ढ म्हणत नाही. इंग्रजी येत नाही याचा अर्थ तेथे एवढाच घेतला जातो, की याला अजून इंग्रजी येत नाही.

आल्या आल्या एक चाचणी होते. ती नापास करण्यासाठी नसते, कोणत्या पायरीवर बसवायचे हे ठरवण्यासाठी असते. पायऱ्या बहुधा पाच-सहा असतात. वाचनात पुढे असलेला माणूस बोलण्यात मागे असू शकतो, म्हणून ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही अंगांची पाहणी होते. मग आठवड्याला साधारण अठरा ते वीस तास वर्ग. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला हजेरी सांभाळावीच लागते. सारखी दांडी मारली तर व्हिसाच अडचणीत येतो.

वर्गात प्रत्येकाची जीभ आपापल्या मातृभाषेच्या सवयीने अडखळते. जपानी माणसाला 'र' आणि 'ल' वेगळे काढताना घाम फुटतो. अरबी भाषेत 'प' नाही, म्हणून अरब विद्यार्थी 'पार्किंग'चे 'बार्किंग' करतो. शिवाय त्याची लिपी उजवीकडून डावीकडे चालते, म्हणजे हाताला वळणही नवे लावायचे. चिनी भाषेत बोलताना 'तो' आणि 'ती' यांना एकच उच्चार आहे, त्यामुळे चिनी विद्यार्थी आपल्या आईला 'तो' म्हणून मोकळा होतो. आपण मराठी माणसे 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकाच 'व'ने उरकतो आणि 'ए', 'अॅन', 'द' कुठे लावावे यावर अडतो. हा बुद्धीचा दोष नाही, मातृभाषेचा ठसा आहे. तो कोरियाच्या डॉक्टरवर असतो तसा आमच्या वस्तीतल्या पोरावरही असतो.

खरे शिक्षण तर वर्ग सुटल्यावर होते. पुष्कळ ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला त्याच विद्यापीठातला एखादा स्थानिक विद्यार्थी बोलण्याचा जोडीदार म्हणून देतात. आठवड्यातून एकदा तासभर दोघांनी भेटायचे, चहा-कॉफी घ्यायची आणि बोलायचे. विषय कोणताही चालतो. घरचे जेवण, भावंडे, सिनेमा, खोलीचे भाडे. हा जोडीदार मास्तर नसतो, गुण देत नाही. त्यामुळे भीड चेपते. कुठे दर शुक्रवारी 'कॉफी अवर' असतो, कुठे प्रत्येकाने आपल्या देशाचा एकेक पदार्थ करून आणायचा आणि तो कसा केला हे सर्वांना सांगायचे, अशी पंगत असते. नोव्हेंबरात 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाला गावातली काही कुटुंबे या मुलांना घरी जेवायला बोलावतात. शिक्षक त्यांना संग्रहालयात नेतात, बाजारात पाठवतात. जा, दुकानदाराला पाच प्रश्न विचारा, उद्या वर्गात येऊन सांगा! काही जण गरिबांना धान्य वाटणाऱ्या संस्थांत सेवा करतात. धान्याच्या पिशव्या भरता भरता शेजारच्या माणसाशी बोलावेच लागते.

सारे गोड आहे असेही नाही. पहिले दोन-तीन महिने घरची आठवण छळते. कोरियाचे कोरियाच्या टोळक्यात, अरब अरबांच्या टोळक्यात राहू लागतात आणि इंग्रजी वर्गापुरती उरते. फी हजारो डॉलरची असते. आईबापांनी कर्ज काढलेले असेल तर मन अभ्यासात लागत नाही. वर 'टोफेल'सारख्या परीक्षेची टांगती तलवार. ही परीक्षा १९६४ सालापासून घेतली जाते आणि आज जगभरच्या विद्यापीठांचे दरवाजे तिच्या गुणांवर उघडतात किंवा बंद होतात. २०२० च्या महामारीत परदेशी विद्यार्थी येईनात, तेव्हा अशा कित्येक विभागांची घडी विस्कटली आणि काही बंदही पडले.

अशा संस्थांमध्ये पहिला मान मिशिगन विद्यापीठाच्या इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूटला देतात. ती १९४१ साली अॅन आर्बर या गावी सुरू झाली. प्राध्यापक चार्ल्स फ्राइज तिचे पहिले संचालक. सुरुवातीचे विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतले होते. व्याकरणाचे नियम घोकण्याआधी कानाने ऐका आणि तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणा, असा फ्राइज यांचा आग्रह. त्यांच्यानंतर संचालक झाले रॉबर्ट लाडो. त्यांची हकीकत आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावी. स्पेनहून आलेल्या आईबापांच्या पोटी ते अमेरिकेत जन्मले, पण लहानपणीच कुटुंब स्पेनला परतले. एकविसाव्या वर्षी ते पुन्हा अमेरिकेत आले तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हते. वयाच्या एकविसाव्या वर्षी इंग्रजी शिकायला बसलेला हा माणूस पुढे जगाला इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. भाषेची परीक्षा कशी घ्यावी यावरचे त्यांचे १९६१ चे पुस्तक या विषयातले पायाभूत पुस्तक मानले जाते. आणि आमची पोरे विशीतच म्हणतात, आता वय निघून गेले!

फ्राइज-लाडोंची पोपटासारखी वाक्ये म्हणून घेण्याची पद्धत पुढे मागे पडली. वाक्य पाठ असते, पण प्रसंग आला की सुचत नाही, हे लक्षात आले. १९७० नंतर खऱ्या कामासाठी खरे बोलणे या पद्धतीवर जोर आला. स्टीफन क्रॅशेन या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ च्या आपल्या पुस्तकात भीती आणि संकोच यांची तुलना चाळणीशी केली. मनात धास्ती असली की ही चाळणी घट्ट होते आणि कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही. क्रॅशेन यांच्या सर्वच मतांवर विद्वानांत वाद आहेत, पण एवढ्या गोष्टीचा अनुभव आम्हाला घरोघरी येतो. ज्याच्या बापजाद्यांना पिढ्यान् पिढ्या तोंड उघडण्याचीच बंदी होती, त्याची चाळणी किती घट्ट असेल? आमच्या मुलांना आधी बोलण्याची भीती असते, मग इंग्रजीची.

त्या वर्गांत आणखी एक गोष्ट शिकवतात. शिक्षकाला मध्येच हात वर करून प्रश्न विचारायचा. पटले नाही तर का पटले नाही ते सांगायचे. लिहिताना दुसऱ्याचे वाक्य उचलायचे नाही, उचलले तर कोणाचे ते नमूद करायचे. अनेक देशांच्या मुलांना हे प्रथम उद्धटपणाचे वाटते. कारण त्यांच्याकडे, आणि आपल्याकडेही, गप्प बसणारा विद्यार्थी गुणी समजला जातो.

वाचक विचारतील, याचा आमच्याशी संबंध काय? संबंध आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याची सोय त्या विद्यापीठात १९११ पासूनच आहे. बाबासाहेबांना तिची गरज पडली नाही, कारण लहानपणी रामजी सुभेदारांनी घरी बसवून त्यांच्याकडून इंग्रजी वाचन आणि तर्खडकरांच्या पाठमालेचे भाषांतर करून घेतले होते. म्हणजे भाषेची मशागत घरातूनच झाली, तीही पगारदार शिक्षकाविना. आज आमची मुले राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आणि केंद्राच्या शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यापीठांत जात आहेत. तेथे प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा असते. ब्रिटनमध्ये काही विद्यापीठे पदवीचा वर्ग सुरू होण्याआधी काही आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग करायला लावतात. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला अध्यापन-साहाय्यक व्हायचे असेल, तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या बोलण्याची चाचणी होते. तेव्हा तयारी येथूनच हवी.

हजारो डॉलर आमच्याकडे नाहीत. पण त्या वर्गांतले जे सर्वांत मोलाचे आहे, त्याला पैसा लागत नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीत, विहारात किंवा समाजमंदिरात, रविवारी एक तास काढावा. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपलीच मुले जोडीदार म्हणून द्यावीत, मोठ्यांनी लहानांकडून शिकायला लाजू नये. एका जोडीत दोघेच, म्हणजे गर्दीची लाज नाही. विषय रोजचे घ्यावेत: दवाखान्यात नाव कसे सांगावे, बँकेत खाते कसे उघडावे, मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी. बोलणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत कोणी अडवू नये, चूक शेवटी सांगावी. आणि एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा: येथे चुकीवर हसणाऱ्याने सर्वांना चहा पाजावा!

आमच्या पिढीने पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. तरी शाळेत धडा वाचून दाखवणे आणि प्रश्नोत्तरे उतरवून घेणे यापलीकडे मुलाचे तोंड किती वेळा उघडते, हे पालकांनी आज रात्री जेवताना आपल्या मुलालाच विचारावे. त्यासाठी कर्ज काढून महागड्या शाळेत घालावे असे आम्ही म्हणत नाही. मराठी सोडा असेही म्हणत नाही. ज्याला मायबोलीत आपले म्हणणे नीट मांडता येते, त्याचे इंग्रजीही लवकर सुधारते, असा आमचा अनुभव आहे.

त्या एम.ए. झालेल्या मुलीला आम्ही रविवारच्या पहिल्या तासाला बोलावले आहे. ती शिकायलाही येणार आहे आणि सातवी-आठवीच्या पोरींना शिकवायलाही. ज्यांच्या घरात अशी मान खाली घालणारी हुशार पोरे आहेत, त्यांनी त्यांना सोबत घेऊन यावे. वही-पेन नसले तरी चालेल.

जयभीम.