मुहूर्ताचें भाडें

तुळशीचें लग्न लागलें कीं आमच्या महाराष्ट्रांत माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. गांवोगांव सुपाऱ्या फुटतात, याद्या होतात, आणि यादीवरची शाई वाळण्यापूर्वींच मुलीचा बाप मंगल कार्यालयाच्या दारांत जाऊन उभा राहतो. पूर्वीं मांडव घरापुढें पडत असे. बांबू भावकीचे, डहाळे रानांतले, भांडीं गांवकीचीं आणि वाढणारीं पोरें आळींतलीं. आतां मांडव विकत मिळतो. कार्यालय, सभागृह, लॉन अशीं त्याचीं नांवें आहेत. मांडव विकत घेण्यांत पाप नाहीं. घरें लहान झालीं, माणसें पोटापाठीं शहरांत गेलीं, तेव्हां ती एक सोयच आहे. परंतु जो शेतकरी बैल घेतांना दांत पाहतो, चालवून पाहतो, चार बाजार फिरतो, तो लग्नाचा मांडव घेतांना आपली अक्कल कोठें ठेवून येतो, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

कार्यालयाचें भाडें कशावर ठरतें? भिंतींवर? पंख्यांवर? नव्हे. त्याच भिंती आणि तेच पंखे मुहूर्त नसलेल्या मंगळवारीं निम्म्या-पाव भाड्यांत मिळतात, आणि पुष्कळदां मालकच गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो. भाडें आहे तें तिथीचें. वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस. त्यांतून पंचांगानें चातुर्मासाचे चार महिने खोडले. गुरूचा अस्त आला, शुक्राचा अस्त आला, ते दिवस खोडले. अधिक महिना आला, तो खोडला. उरलेल्यांतूनही निवडक दिवस ठेवले, आणि सगळ्या तालुक्यानें त्या मूठभर दिवसांतच लग्नें उरकावयाचीं! बाजारांत माल थोडा आणि घेणारे फार झाले म्हणजे भाव चढतो, हें कांदा पिकविणाऱ्यास आम्हीं काय शिकवावें? पण तोच कांदेवाला कार्यालयाच्या कचेरींत बसला म्हणजे तिप्पट भाव ऐकून मान डोलावतो आणि विसार मोजून मोकळा होतो.

यांत मालकाला शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. त्याच्याही डोक्यावर बँकेचे हप्ते आहेत, नोकरांचे पगार आहेत. वर्षभराचा खर्च त्यानें त्याच थोड्या दिवसांत वसूल करावयाचा. म्हणजे कार्यालय ज्या दिवशीं कुलूप लावून पडलेलें असतें, त्या दिवसांचें भाडेंही मुहूर्त धरणारा बापच भरतो. आणि भाव एकट्या कार्यालयाचाच चढत नाहीं. आचारी, वाढपी, वाजंत्री, गाड्या, फोटोवाला, सगळे त्याच दिवशीं दुर्मिळ होतात.

२०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा पडतो. शाळांना सुट्टी, पेरणीला अवकाश, चाकरमाने गांवीं आलेले. लग्नाला याहून सोयीचे दिवस कोणते? पण 'अधिक' या एका शब्दापायीं भर हंगामांत महिनाभर मांडव सुने! पावसाळ्याचें म्हणाल तर त्याला एके काळीं कारण होतें. वाटा चिखलानें बुजत, पेरणी-खुरपणीला हात अपुरे पडत आणि दारापुढील मांडव गळत असे. आज डांबरी रस्त्यानें जाऊन पत्र्याच्या नाहीं तर स्लॅबच्या छपराखालीं बसावयाचें असतां तो नियम कशासाठीं पाळावयाचा? ज्यांनीं तो घालून दिला त्यांनींही त्याला पळवाट ठेविलीच आहे. अलीकडच्या पंचांगांत 'गौण काल', 'आपत्काल' अशा मथळ्यांखालीं निषिद्ध महिन्यांतलेही मुहूर्त छापलेले असतात. नड पडली कीं ग्रह नरमतात, असा याचा अर्थ! मग गरिबाच्या रिकाम्या खिशाहून मोठा आपत्काल तो कोणता?

बरें, एवढें भाडें भरून विकत घेतलेला मुहूर्त तरी आम्ही पाळतों काय? पत्रिकेवर बारा वाजून पंचवीस मिनिटें असें मोठ्या अक्षरांत छापावयाचें. बारा पंचवीसला नवरदेव वेशीपाशीं घोड्यावर, पुढें डीजे आणि त्याच्यापुढें धूळ उडविणारी तरणी पोरें. मग पुढारी येतात. माजी आले, आजी आले, भावी आले. एकेकाला ध्वनिक्षेपकावरून आशीर्वाद देण्याची विनंती होते. अक्षता पडतात तेव्हां दीड वाजून गेलेला असतो. त्या घटकेस ग्रह कोठें होते, हें कोणी विचारीत नाहीं आणि त्या जोडप्याचा संसार कांहीं बुडत नाहीं. ज्या घटकेला आम्ही स्वतःच किंमत देत नाहीं, तिच्यासाठीं मात्र तिप्पट भाडें देतों!

आतां थोडा हिशेब करूं. आंकडे मानलेले आहेत. वाचकांनीं आपल्या तालुक्याचे भाव घालून पाहावे. समजा, मुहूर्ताच्या दिवशीं मोठें कार्यालय घेतलें. भाडें दीड लाख. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, २७ हजार. सजावट ७५ हजार. वीज, जनरेटर, साफसफाई ३० हजार. ताटें नऊशें, दर ३५० रुपये, म्हणजे ३ लाख १५ हजार. बेरीज ५ लाख ९७ हजार. दुसऱ्या घरानें बिनमुहूर्ताचा दिवस धरला, लहान सभागृह घेतलें. भाडें ४० हजार, कर ७,२०० रुपये, सजावट १५ हजार, वीज-सफाई १० हजार, आणि त्याच दराचीं दोनशें ताटें, ७० हजार. बेरीज १ लाख ४२ हजार २००. जेवण तेंच, अक्षता त्याच, नवराबायको तींच. फरक ४ लाख ५४ हजार ८०० रुपयांचा. हा फरक शेंकडा दोन रुपये महिन्यानें कर्ज काढून भागविला तर दरमहा ९,०९६ रुपये नुसतें व्याज होतें. मुद्दल जागच्या जागीं. मुलीचें बाळंतपण येतें तरी बापाचें व्याज चालूच असतें.

या हिशेबांतली दुसरी मेख नीट ध्यानांत घ्यावी. मोठा दिवाणखाना घेतला कीं तो भरावा लागतो. हजाराच्या जागेंत दोनशें माणसें बसलीं तर 'लग्न पडलें' असें लोक म्हणतील, या भीतीनें पत्रिका दुप्पट छापल्या जातात, आणि पत्रिकेपाठीं ताट येतें. यासाठीं आधीं माणसें मोजावीं, मग ताटें, मग जागा. आणि या सर्वांच्या आधीं घरांत कर्जावांचून किती रुपये आहेत तें मोजावें. आमच्याकडे सगळें उलटें होतें. आधीं कार्यालय ठरतें, मग माणसें आणि शेवटीं सावकार.

विसार देण्यापूर्वीं मालकाला इतक्या गोष्टी विचाराव्या आणि कागदावर लिहून घ्याव्या. भाडें किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचें? आदल्या रात्रीची हळद त्यांत धरली कीं निराळी? आचारी आपला चालेल कीं त्यांचाच घ्यावा लागेल? किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, आणि वरच्या ताटाचा दर काय? बाहेरचा सजावटवाला आणल्यास त्यावर मालक कांहीं रक्कम मागतो काय? वीज मीटरप्रमाणें कीं ठोक? जनरेटरचें डिझेल कोणाचें? अनामत केव्हां परत? लग्न पुढें गेलें, घरांत मयत झालें, तर विसाराचें काय? पक्की पावती मागावी. रोख घेऊन कच्च्या चिठ्ठीवर भागविणाऱ्यापाशीं पुढें भांडतां येत नाहीं. शिवाय एका प्रसंगासाठीं एकाच माणसाकडून दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकराच्या कायद्यानें २०१७ पासून बंदी आहे.

आणखी एक गोष्ट यादीच्या वेळची. हुंडा १९६१ च्या कायद्यानें गुन्हा ठरला, तेव्हांपासून वरपक्षाची भाषा गोड झाली आहे. "आम्हांला कांहीं नको पाहुणे, फक्त लग्न चांगल्या कार्यालयांत करून द्या. आमचीं माणसें मोठीं आहेत." हें ऐकून मुलीची आई डोळे पुसते, सोयरे थोर भेटले म्हणून! अहो, चार-पांच लाखांचें कार्यालय मागून घेणें आणि चार-पांच लाख रोख मागून घेणें, यांत मुलीच्या बापाला फरक तो काय? पाहुणे दोन्हीं घरचे, लेकरें दोन्हीं घरचीं, तर खर्चही दोन्हीं घरांनीं अर्धा-अर्धा करावा. मुलाच्या बापाला आपल्या खिशांतून अर्धें द्यावें लागलें कीं त्याचीं 'मोठीं माणसें' आपोआप कमी होतात, ही खात्री बाळगावी.

कोणी म्हणेल, शेतकरी काय लग्नांनींच बुडाला? नाहीं. तो ठपका जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांतच खोडून काढला आहे, आणि आमचाही तो आरोप नाहीं. शेतकरी मालाच्या भावानें बुडतो, पावसानें बुडतो, धोरणांनीं बुडतो. पण मालाचा भाव ठरविणें आमच्या हातीं नाहीं, पाऊस तर नाहींच नाहीं. लग्नाचा दिवस ठरविणें मात्र सर्वस्वी आमच्या हातीं आहे. तेवढें तरी दुसऱ्याच्या स्वाधीन कां करावें?

यांत नवें असें कांहींच नाहीं. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरास त्या पद्धतीचें पहिलें लग्न थोडक्या खर्चांत लागलें. कायद्यालाही मुहूर्त लागत नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत रूढ विधींचा उल्लेख आहे, मुहूर्ताचा नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. एप्रिल २०२१ मध्यें करोनाच्या साथींत महाराष्ट्र सरकारनें लग्नाला पंचवीस माणसें आणि दोन तास एवढीच मोकळीक ठेविली होती. त्या दिवसांत लागलेलीं लग्नें कोणत्या बाबतींत उणीं राहिलीं? आणि 'यादी पे शादी' ही तर आमच्याच खेड्यांतली रीत. सकाळीं यादी, दुपारीं अक्षता, संध्याकाळीं पाहुणे आपापल्या घरीं. सरकारी हुकूम निघाला तर साधें लग्न चालतें, मग स्वतःच्या अकलेनें केलें तर नाक कां कापलें जातें?

'चार लोक काय म्हणतील' हें एक उत्तर उरतें. ते चार लोक कर्जाच्या कागदावर साक्षीलाही येत नाहींत, मग हप्ता भरावयास कोठून येणार! तरी लोकांची भीड खरी असते, ती एकट्यानें तुटत नाहीं. म्हणून ही गोष्ट गांवानें धरावी. २०२५ सालीं मराठा समाजाच्या सभांतून लग्नखर्चाला आळा घालणाऱ्या आचारसंहिता निघाल्या, हें चांगलें झालें. अशा प्रत्येक नियमावलींत, मग ती कोणत्याही जातीची असो, एक कलम घालावें: दिवस सोयीनें धरूं, पंचांग पाहणार नाहीं, आणि मांडवाचा खर्च दोन्हीं घरें अर्धा-अर्धा करतील. गांवांतल्या ज्या घराची ऐपत आहे त्यानें हें आधीं करावें. म्हणजे गरिबानें केलें तर त्याला कोणी 'पैसे नव्हते म्हणून केलें' असें हिणवणार नाहीं. येत्या हंगामांत ज्यांच्या घरीं सुपारी फुटावयाची आहे, त्यांनीं कार्यालयाच्या दारांत जाण्यापूर्वीं हा हिशेब आपल्या लेकींना आणि लेकांना पुढें बसवून एकदां मोठ्यानें वाचावा. पुढें संसार त्यांना करावयाचा आहे.